सनदेनंतरची तालीम

आपल्याकडे जलसा असो वा परिसंवाद, मुसलमानांच्या गतवैभवाचा विषय निघाला की इब्न सीनाचे नाव हटकून येते. त्याचा 'अल-कानून' युरोपातल्या विद्यापीठांतून शतकानुशतके शिकवला गेला, हे वाक्य आपण सर्वांनीच टाळ्यांच्या कडकडाटात ऐकले आहे. वाक्य खरे आहे. पण ते ऐकून घरी परतताना आपण स्वतःला असे विचारत नाही, की कानून लिहून झाल्यावर पुढच्या हकिमांनी काय केले? ते शिकत राहिले की पाठ करत राहिले? आणि आज आपल्या मोहल्ल्यातल्या दवाखान्यात जो डॉक्टर रात्री अकरापर्यंत रुग्ण तपासतो, तो सनद मिळाल्यानंतर कधी, कुठे आणि कोणाकडून शिकतो? इतिहासाचा आणि आजचा, असे हे दोन्ही प्रश्न आम्हांला एकमेकांना जोडलेले दिसतात. म्हणून या लेखात वैद्यकाच्या इतिहासातली ही एकच बाजू आम्ही तपासून पाहणार आहोत. ती बाजू म्हणजे वैद्याचे सनदेनंतरचे शिक्षण.

बगदादची परीक्षा

इसवी सन ९३१. बगदादमध्ये खलीफा मुक्तदिरच्या कानांवर एक बातमी गेली. एका वैद्याच्या चुकीमुळे एक माणूस मेला होता. खलीफाने मुहतसिबला, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, हुकूम दिला की सिनान इब्न साबितने परीक्षा घेतल्याशिवाय शहरात कोणीही वैद्यकी करू नये. सिनान हा प्रसिद्ध गणिती साबित इब्न कुर्रा याचा मुलगा. तो हर्रानच्या साबियन घराण्यातला होता आणि बगदादच्या रुग्णालयांची देखरेख त्याच्याकडे होती. इतिहासकार सांगतात, की परीक्षेला आठशे साठहून अधिक वैद्य आले. ज्यांची कीर्ती पक्की होती त्यांना आणि सरकारी सेवेतल्यांना यातून सूट होती.

या परीक्षेचा एक किस्सा अरबी चरित्रकोशांत नोंदलेला आहे. उत्तम पोशाखातला एक वयस्क, भारदस्त गृहस्थ सिनानपुढे आला. सिनानने त्याला मानाने बसवले आणि त्याचा उस्ताद कोण ते विचारले. गृहस्थाने सोन्याच्या नाण्यांची पुडी पुढे ठेवली आणि कबूल केले की आपल्याला धड लिहिता-वाचता येत नाही, पण घरसंसार याच धंद्यावर चालतो. सिनान हसला. ज्या आजाराची माहिती नाही त्याला हात लावायचा नाही आणि रक्त काढणे किंवा जालीम जुलाब देणे असले उपाय करायचे नाहीत, या अटीवर त्याने त्याला सोडले. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण परीक्षेला आला. तू कोणाकडे शिकलास, या प्रश्नावर त्याने सांगितले, वडिलांकडे. कालचे गृहस्थच त्याचे वडील होते. त्यालाही सिनानने त्याच अटी घातल्या.

हा किस्सा वाचताना हसू येते. पण त्यात मोठे दुखणे सांगितले आहे. न शिकलेला वैद्य एकटा राहत नाही, तो पुढची पिढीही तयार करतो. सिनानला हे कळत होते, पण शहरातली गरिबी आणि वैद्यांची गरजही त्याला दिसत होती. म्हणून त्याने बंदीऐवजी मर्यादा आखून दिली. हजार वर्षांनंतरही आपली सरकारे याच पेचात अडकलेली आहेत.

रोजचे तीन तास

परीक्षेने अडाणी माणूस बाजूला काढता येतो, पण जाणता माणूस ताजा ठेवता येत नाही. त्यासाठी रोजची सोय लागते. ती सोय त्या काळात कशी होती, याची दोन चित्रे आपल्याला उपलब्ध आहेत.

पहिले चित्र अबू बक्र अल-राझीच्या बैठकीचे आहे. मध्ये राझी, त्याच्यापुढे त्याचे शिष्य, त्यांच्यापुढे त्यांचे शिष्य आणि त्याही पुढे आणखी नवखे. रुग्ण येई तो आधी सर्वांत बाहेरच्या कड्यातल्यांना आपले दुखणे सांगे. त्यांना जमले नाही तर प्रश्न आतल्या कड्याकडे जाई. सर्वांचे हात टेकले म्हणजे राझी बोले. यात नवखा शिकतच होता, पण मधल्या कड्यातला, म्हणजे बऱ्यापैकी तयार झालेला वैद्यही रोज आपल्या उस्तादासमोर कसाला लागत होता. राझी स्वतः आयुष्यभर टिपणे काढत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर त्या टिपणांतूनच 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ संकलित झाला. ज्या जालीनूसला, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलनला, सारे जग गुरू मानत होते, त्याच्यावरील शंकांचा स्वतंत्र ग्रंथही राझीने लिहिला.

दुसरे चित्र दमिश्कच्या नूरी रुग्णालयाचे आहे. सुलतान नूरुद्दीन झंगीने बाराव्या शतकात ते बांधले. तिथला प्रमुख वैद्य अबुल मज्द सकाळी रुग्णांच्या खाटांवरून फिरे. प्रत्येकासाठी लिहून दिलेले औषध आणि पथ्य लगोलग अमलात येई. मग किल्ल्यातल्या बड्या लोकांना तपासून तो परत रुग्णालयात येई आणि मोठ्या दालनात बसे. त्या दालनात नूरुद्दीनने वक्फ केलेल्या वैद्यकीय ग्रंथांची कपाटे होती. शहरातले वैद्य येऊन त्याच्यापुढे बसत. चर्चा होई, ग्रंथ उघडले जात, विद्यार्थी वाचन करत. हे तीन तास चाले आणि त्यानंतर अबुल मज्द घरी जाई. हे वर्णन इब्न अबी उसैबिआने केले आहे. तो स्वतः दमिश्कचा वैद्य होता आणि वैद्यांच्या चरित्रांचा मोठा कोश त्याने लिहून ठेवला.

या वर्णनातल्या दोन गोष्टी नजरेत भरतात. एक, त्या दालनात केवळ विद्यार्थी नव्हते, धंदा करणारे वैद्यही होते. दोन, पुस्तकांचा खर्च वक्फमधून झाला होता. कैरोत १२८४ साली सुलतान कलावूनने मन्सूरी रुग्णालय उभारले, तेव्हा त्याच्या वक्फनाम्यातही वैद्यकाच्या अध्यापनाची तरतूद होती. रुग्णाला दवा देणे आणि वैद्याला इल्म देणे ही दोन्ही कामे सवाबाची आहेत, हे त्या लोकांनी कागदावर उतरवले होते.

डोळ्यांनी पाहिलेले

अशा वातावरणात काय घडू शकते, पाहा. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. अब्दुल लतीफ अल-बगदादी हा वैद्य तेव्हा तिथे होता. उघड्यावर पडलेल्या हाडांच्या ढिगांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या. गॅलनने लिहिले होते की खालचा जबडा दोन हाडांचा असतो. अब्दुल लतीफला प्रत्येक वेळी एकच हाड दिसले. त्याने स्वच्छ लिहून ठेवले, की गॅलन थोर खरा, पण इंद्रियांची साक्ष त्याच्याहून अधिक विश्वासार्ह आहे.

त्यानंतर १२४२ साली नूरी रुग्णालयात शिकलेल्या इब्न अल-नफीसने कानूनमधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिले. हृदयाच्या उजव्या-डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त पलीकडे जाते, असे गॅलन आणि इब्न सीना मानत होते. इब्न अल-नफीस म्हणाला, अशी छिद्रे नाहीत. उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि डावीकडे येते. युरोपात ही गोष्ट छापून यायला १५५३ साल उजाडले. आपले घर आणि पुस्तके इब्न अल-नफीसने मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकली. १२८८ साली तो वारला.

आणि मग? हा शोध बहुतेकांनी वाचलाच नाही. १९२४ साली तातावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीतल्या आपल्या प्रबंधात त्याच्याकडे लक्ष वेधले, तेव्हा कुठे जगाला इब्न अल-नफीसचे मोठेपण कळले. मधल्या काळात कानूनचे संक्षेप झाले, संक्षेपांवर शरह झाल्या, शरहांवर हाशिये लिहिले गेले. याचा दोष शरह लिहिण्याला देता येणार नाही. इब्न अल-नफीसने आपली क्रांतिकारक गोष्ट शरहमध्येच सांगितली होती. फरक पडला तो वाचणाऱ्याच्या वृत्तीत. खुद्द इब्न सीनाला आपल्या उपचारांतले अनुभव कानूनमध्ये घालायचे होते. पण ती टिपणे ग्रंथ पुरा होण्याआधीच हरवली, असे त्याचा शिष्य जुझजानी सांगतो. लेखकाच्या लेखी जो ग्रंथ अपुरा होता, तो आम्ही पूर्ण मानला. त्यात भर घालण्याऐवजी त्याची पूजा केली.

दिल्लीचा हकीम

हिंदुस्थानात ही कोंडी फोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न हकीम अजमल खान यांचा. दिल्लीच्या शरीफी खानदानाचे हे वारस. त्यांचे थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मदरसा तिब्बिया सुरू केला होता. पिढीजात नुस्खे घराबाहेर न जाऊ देणाऱ्या खानदानांच्या काळात बापाने मुलाला शिकवायची विद्या वर्गात आणणे हेच मोठे धाडस होते. अजमल खान यांनी १९०९ साली दायांसाठी जनाना मदरसा उघडला. पडद्यातल्या बायकांचे बाळंतपण ज्यांच्या हाती होते, त्या बायकांना शिकवल्याशिवाय बाळ-बाळंतीण वाचणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच सुमारास इंग्रज सरकारच्या वैद्यकीय नोंदणीच्या कायद्यांची चाहूल लागली होती. मुंबई इलाख्यात असा कायदा १९१२ साली झाला आणि नोंदवहीत पाश्चात्य पद्धतीने शिकलेल्यांनाच जागा मिळाली. अजमल खान यांनी १९१० मध्ये वैद्य आणि हकीम यांना एका मंचावर आणून परिषद भरवली. हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम यांची ही एकजूट राजकारणातल्या एकीच्याही आधीची आहे. पण त्यांनी फक्त हक्क मागितले नाहीत. आपल्या लोकांना शरीररचना शिका, शस्त्रक्रिया शिका, असेही सांगितले. लखनौच्या अजीजी खानदानातल्या हकिमांनाही शस्त्रक्रिया हवी होती, मात्र आयुर्वेदाची सरमिसळ त्यांना मान्य नव्हती. हा वाद बराच काळ चालला. तो जिवंतपणाचाच वाद होता.

दिल्लीच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजची कोनशिला १९१६ साली लॉर्ड हार्डिंग यांनी बसवली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. त्या दिवशी गांधीजींनी नुसता गौरव केला नाही. पाश्चात्य वैद्यकाचे ते कडक टीकाकार. तरीही आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीला त्यांनी आदराने दाद दिली आणि आपले वैद्य-हकीम ही वृत्ती दाखवत नाहीत, जुन्या सूत्रांमागे निमूटपणे जातात, अशी तक्रार यजमानांच्याच घरात केली. अजमल खान यांना ती मान्य असावी, असे त्यांच्या पुढच्या कृतीवरून दिसते. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेल्या सलीमुझ्झमान सिद्दीकी या तरुणाला त्यांनी तिब्बिया कॉलेजातल्या संशोधनाच्या कामावर घेतले. १९२७च्या डिसेंबरात अजमल खान वारले. १९३१ साली सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला नाव दिले अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांचे काही दोष ओळखण्यासाठी ते आजही वापरले जाते.

सर्पगंधेची ही कहाणी पुढे मुंबईत येते. डॉ. रुस्तम जाल वकील या पारशी हृदयरोगतज्ज्ञाने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा पद्धतशीर वापर करून पाहिला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. तिकडे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळातून रिसर्पिन वेगळे झाले. काही वर्षे ते रक्तदाबावरचे जगातले प्रमुख औषध होते. पुढे त्याचे दुष्परिणाम ध्यानात आले, अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. वैद्य-हकिमांचे जुने औषध, दिल्लीची प्रयोगशाळा, मुंबईचा डॉक्टर, युरोपचा कारखाना आणि शेवटी निवृत्ती. औषधाचे आयुष्य असे असते. १९५५ साली शिकून पुढे काहीच न वाचणारा डॉक्टर १९८५ सालीही तेच पहिले औषध लिहून देत बसला असता.

धारावीतले त्रेसष्ट नुस्खे

आता आपण आपल्या अंगणात येऊ. क्षयरोग हा गरीब वस्तीचा आजार आहे आणि मुसलमानांची मोठी संख्या गरीब वस्त्यांत राहते, हे सांगायला अहवाल नको. क्षयाचे औषधोपचार ठरलेले आहेत. कोणती औषधे, किती मात्रेत, किती महिने, याचे तक्ते छापलेले आहेत. ते चुकले तर रुग्ण बरा होत नाहीच, शिवाय जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि तोच जंतू घरातल्या बाकीच्यांना गाठतो.

१९९१ साली मुंबईच्या झोपडपट्टीतल्या १०० खाजगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयासाठी त्यांनी ८० वेगवेगळे नुस्खे लिहिले होते. वीस वर्षांनी धारावीत पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला. २०१० साली निष्कर्ष छापून आले. १०६ डॉक्टर, ६३ नुस्खे, आणि बरोबर नुस्खा लिहिणारे डॉक्टर फक्त ६. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा योग्य नुस्खा तर फक्त तिघांना लिहिता आला. २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यात शिकवून तयार केलेले नकली रुग्ण खाजगी दवाखान्यांत पाठवले गेले, तेव्हाही सुमारे ३५ टक्के भेटींतच त्यांची योग्य तऱ्हेने हाताळणी झाली.

हे डॉक्टर दुष्ट होते काय? मुळीच नाही. त्यांतले बहुतेक पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारे, पन्नास-शंभर रुपयांत रुग्ण तपासणारे, वस्तीतल्या लोकांना नावाने ओळखणारे होते. पण सनद मिळाली त्या दिवशी त्यांचे शिकणे संपले. त्यानंतर त्यांच्याकडे नियमाने येणारा एकच शिक्षक म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांत डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असे सांगितले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीचे नूतनीकरण अशा गुणांशी जोडले. २००९ मध्ये कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घ्यायला बंदी आली. हे सारे योग्यच आहे. पण हिशेब करून पाहा. पाच वर्षांत ३० तास म्हणजे वर्षाला ६ तास. अबुल मज्दच्या दालनात बसणाऱ्या वैद्याचा हा कोटा दोन दिवसांत पुरा झाला असता. शिवाय हे तास बहुधा मोठ्या हॉटेलच्या सभागृहात आणि इंग्रजीत होतात, आणि तिथे खुर्चीत बसल्याचीच नोंद होते. भिवंडीच्या किंवा मालेगावच्या डॉक्टरला उद्या सकाळी येणाऱ्या रुग्णासाठी त्यातले काय उपयोगी पडते, हे कोणी विचारत नाही.

कोविडच्या काळात याचा अनुभव सर्वांनी घेतला. २०२० मध्ये ज्या उपचारांसाठी नातेवाईक शहरभर धावले, त्यांतला प्लाझ्मा मे २०२१ मध्ये सरकारी मार्गदर्शिकेतून काढून टाकला गेला. जे कालपर्यंत शिकलो ते आज सोडून देणे, हेही शिक्षणच. २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, मालेगाव आणि भिवंडीतही मुले आजारी पडली. लसीबद्दलच्या अफवा दूर करायला मौलवींनी पुढाकार घेतला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण अंगावर पुरळ आलेले मूल आई सर्वांत आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे नेते. गोवर त्याने पहिल्या दिवशी ओळखला की पाचव्या, यावर पुढच्या दहा मुलांचे भवितव्य ठरते.

आपल्या हाती काय आहे

आपल्या समाजाने दवाखाने काढले, रुग्णवाहिका दिल्या, युनानी महाविद्यालये उभारली. मालेगावात, पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये, मुंबईत वर्सोव्याला अशी महाविद्यालये आहेत आणि शेकडो मुली आज तिथून हकीम होऊन बाहेर पडत आहेत. अजमल खान यांच्या जनाना मदरशाची ही पुढची पायरी. पण सनद देऊन आपण त्यांचा हात सोडतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे दार माजी विद्यार्थ्यांसाठी महिन्यातून एकदा उघडायला किती खर्च येतो? ट्रस्टच्या ज्या सभागृहात वर्षभर निकाह आणि वलीमे होतात, तिथे महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या सर्व डॉक्टरांनी बसावे. पॅथी कोणतीही असो, धर्म कोणताही असो. एकाने आपल्या न सुधारलेल्या रुग्णाची हकीकत सांगावी, जाणत्याने ती समजावून द्यावी, आणि भाषा मराठी-उर्दू जी सोयीची असेल ती असावी. क्षय अधिकाऱ्याला बोलवावे, नवा तक्ता हाती घ्यावा. कोणत्या पॅथीने कोणते औषध द्यावे, हा कायद्याचा प्रश्न आहे. पण कोणता रुग्ण आपल्याजवळ ठेवू नये आणि कधी पुढे पाठवावा, हे तरी प्रत्येकाला यायलाच हवे. सिनानने त्या वृद्धाला घातलेली अट हीच तर होती.

हे अशक्य नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या थोडे शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. एकदा शिकवून त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्या कामाची नियमित तपासणी झाली, चुकले तिथे पुन्हा शिकवले गेले. १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज गावोगावच्या आशा ताईंचे शिक्षण याच अनुभवातून घडले आहे.

ज्ञान वाढावे यासाठी दुआ मागायला खुद्द पैगंबरांना सांगितले गेले, हे आपण मुलांना शिकवतो. मग ज्याच्या हाती आपण आपला श्वास सोपवतो, त्या डॉक्टरला ही दुआ लागू नाही असे कसे होईल? पुढच्या वेळी इब्न सीनाच्या नावाने टाळ्या वाजवताना त्याच्या हरवलेल्या टिपणांचीही आठवण ठेवू या. ती टिपणे आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात, रोजच्या रुग्णांच्या कागदांवर आजही लिहिली जात आहेत. ती एकत्र बसून वाचायची सोय करणे एवढे काम आपल्या ट्रस्टांना, आपल्या महाविद्यालयांना आणि आपल्यालाही करता येण्यासारखे आहे.